दोन खात्यांमधला सांधा कुणाचा?

'हिडकल उपसा केंद्राचा वीजपुरवठा खंडित झाल्याने शहराच्या काही भागांत पाणी येणार नाही' ही बातमी बेळगावकरांना नवी नाही. लाईट तास-दीड तासच गेलेली असते. पाणी मात्र दोन दिवस येत नाही, काही गल्ल्यांत तर पाळी चुकते ती चुकतेच. हेस्कॉमचा, म्हणजे वीज वाटणाऱ्या सरकारी कंपनीचा माणूस म्हणतो, आमची लाईन केव्हाच सुरू झाली. पाणीवाले म्हणतात, बिघाड आमचा नव्हता. दोघंही खरं बोलतात, आणि नेमकी तीच अडचण आहे. एका तासाचे दोन दिवस कुठे झाले याचा हिशेब कुठल्याच खात्याच्या वहीत सापडत नाही, कारण तो बिघाड दोन खात्यांच्या सांध्यावर वाढलेला असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक या सगळ्या पट्ट्यात अशा सांध्यांना कुणी धनी नाही. तो नेमला जात नाही तोवर नवे ट्रान्सफॉर्मर, नवे पंप, नवे जनरेटर कितीही आणले तरी पुढच्या महापुरात पुन्हा तेच होईल, असं आमचं ठाम मत आहे.

आधी त्या एका तासाचं काय होतं ते नीट बघू.

बेळगावला पाणी मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं. मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय आणि घटप्रभेवरचं हिडकल धरण. राकसकोपची पूर्ण पातळी 2475 फूट, म्हणजे जवळपास शहराच्याच उंचीवर. हिडकलची पूर्ण पातळी 2175 फूट. बेळगाव साधारण 2500 फुटांवर. म्हणजे हिडकल काठोकाठ भरलेलं असलं तरी तिथलं पाणी सुमारे शंभर मीटर वर चढवावं लागतं, आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की त्याहून जास्त. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर चढवायचं म्हटलं, तर पंप आणि मोटार मिळून 70 टक्के कार्यक्षम धरली तरी 390 युनिट वीज लागते. जलवाहिनीतलं घर्षण वेगळंच. हे पाणी एका दमात येत नाही. वाटेत तुम्मरगुद्दी, कुंदरगी अशी उपसा केंद्रं आहेत, मग बसवणकोळचं शुद्धीकरण केंद्र, मग शहरातल्या टाक्या.

केंद्रं अशी एकापुढे एक असली की गणित वाईट होतं. समजा, प्रत्येक केंद्र वर्षातले 99 टक्के दिवस बिनबोभाट चालतं. ऐकायला छान. पण तीन केंद्रं एकाच माळेत असली तर तिन्ही एकदम चालू असण्याची शक्यता 97 टक्क्यांवर येते, म्हणजे वर्षातले जवळजवळ अकरा दिवस कुठेतरी खोळंबा. प्रत्येक केंद्राचा अहवाल मात्र 99 टक्केच सांगणार. यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं.

आता लाईट गेली असं धरा. खरं तर पूर्ण जायचीही गरज नसते. शेजारच्या दुसऱ्याच फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या लाईनवर, फांदी पडली, व्होल्टेज अर्ध्या सेकंदासाठी खाली आलं, घरातला दिवा एकदा लुकलुकला, एवढ्यानेही मोटारीच्या पॅनेलमधला कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा स्विच) सुटतो आणि पंप बंद पडतो. मैलोन् मैल वाहिनीत सेकंदाला एक मीटर वेगानं चाललेला पाण्याचा प्रचंड स्तंभ एकदम थांबतो. पोलादी वाहिनीत दाबाची लाट सेकंदाला हजारेक मीटर वेगानं धावते. एक मीटर वेगाचं पाणी अचानक थांबलं तर दाबाचा धक्का शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा किलो बसतो. पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात ती लाट जाऊन परत यायला अर्धं मिनिट लागतं. पंपाजवळचा, पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झिजलेला असेल, हवा आत-बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह गंजून बसलेले असतील किंवा धक्का पचवणाऱ्या सर्ज टाकीत हवेचा दाब भरलेला नसेल, तर हाच धक्का जुना जोड फोडतो. मग 'जलवाहिनीला गळती' अशी दुसऱ्या दिवशी वेगळी बातमी येते. आदल्या दिवशीच्या विजेशी तिचं नातं कुणी जोडत नाही.

काही फुटलं नाही, तरी पंप लगेच सुरू करता येत नाही. मोठ्या उच्चदाब मोटारीला तासात साधारण दोनदाच, आणि गरम असेल तर एकदाच सुरू होण्याची मुभा असते. त्याहून जास्त केलं तर वाइंडिंग जळतं. वाहिनीत हवा शिरलेली असते, ती एअर व्हॉल्व्हमधून बाहेर पडेपर्यंत डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा लागतो. पहिलं केंद्र सुरू होऊन दुसऱ्याच्या हौदात पुरेशी पातळी येईपर्यंत दुसरं थांबतं, दुसऱ्यासाठी तिसरं. शुद्धीकरण केंद्रात तुरटीचं प्रमाण आणि निवळण पुन्हा बसायला वेळ जातो. शेवटी शहरातल्या टाक्या. पाळीपाळीनं पाणी सोडणाऱ्या शहरात एक पाळी चुकली की पुढच्या सगळ्या सरकतात. एका तासाचे दोन दिवस इथे होतात.

आणि गोष्ट पाण्यापाशी संपत नाही. वाहिनी रिकामी झाली की आत पोकळी तयार होते. गटाराशेजारून गेलेल्या जुन्या वाहिनीला जिथे बारीक भोक आहे, तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी पाणी आलं की पहिली धार तीच. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं भारतीय मानक सांगतं, पण अशा पहिल्या धारेत ते टिकत नाही. आठवड्यानं दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात. फांदी फीडरवर पडली होती आणि त्रास झाला पोटाला. मधल्या तीन-चार पायऱ्या वेगवेगळ्या खात्यांच्या असल्यामुळे ही साखळी कुठे लिहिली जात नाही.

यावर सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर असतं: जनरेटर बसवा. दवाखान्यासाठी, टॉवरसाठी, एखाद्या छोट्या योजनेसाठी ते बरोबर आहे. पण हिडकलसारख्या उपशाला लावून बघा. रोज पाच कोटी लिटर उचलायचं धरलं तर साडेएकोणीस हजार युनिट लागतात, म्हणजे सलग आठशे किलोवॅट. डिझेल जनरेटर लिटरमागे साधारण साडेतीन युनिट देतो. दिवसाला साडेपाच हजार लिटर डिझेल झालं. बारा हजार लिटरचा एक टँकर दोन दिवसांत संपतो. तो टँकर येणार रस्त्यानं, आणि ज्या दिवशी लाईट अनेक दिवसांसाठी जाते त्या दिवशी बहुधा रस्ताही गेलेला असतो.

जनरेटरवर जिल्ह्याचा जो भरवसा आहे त्याची एक बाजू सहसा बोलली जात नाही. दवाखाना, टॉवर, महापालिका, बँक, शीतगृह, सगळ्यांनी आपापल्या वहीत 'पर्यायी व्यवस्था: डीजी सेट' असं लिहिलेलं असतं. प्रत्येकाची वही स्वतंत्रपणे बिनचूक आहे. एकत्र वाचल्या तर कळतं की सगळे पर्याय एकाच गोष्टीवर टेकलेले आहेत: त्याच चार-दोन पेट्रोल पंपांवरचं डिझेल. आणि पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून डिझेल वर खेचणारी मोटार विजेवर चालते. पंपावर स्वतःचा जनरेटर नसेल तर टाकी भरलेली असूनही थेंब निघत नाही. 125 केव्हीएचा सेट पाऊण भारावर तासाला वीस-बावीस लिटर पितो. टाकीत दोनशे लिटर असेल तर नऊ-दहा तास. पुढे काय, हे कुणाच्याच वहीत नाही.

सेट चालतो का, हाही प्रश्नच आहे. बहुतेक ठिकाणी सोमवारी सकाळी दहा मिनिटं तो रिकामाच चालवतात, वहीत सही होते. त्यातून फक्त स्टार्टरची बॅटरी जिवंत आहे एवढं कळतं. भार न टाकता वारंवार चालवलेल्या इंजिनात न जळलेलं तेल आणि काजळी साठते. निदान तीस टक्के भार टाकून अर्धा-पाऊण तास चालवलं तरच तो कामाच्या दिवशी टिकतो. वर्षभर पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं, तळाशी शेवाळासारखा थर धरतो, आणि खऱ्या गरजेच्या वेळी तिसऱ्या तासाला फिल्टर तुंबतो. दहा मिनिटांच्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही.

आता मोबाईल. टॉवरच्या बॅटऱ्या साधारण काही तास पुरतात, मग जनरेटर, मग पुन्हा डिझेलच. पण इथे साखळी गोल फिरते. लाईन कुठे तुटली हे शोधायला लाईनमन बाहेर पडतो तो स्वतःच्या मोबाईलवर विसंबून. लाईनवर काम सुरू करण्याआधी उपकेंद्रातून 'लाईन बंद केली' असा निरोप मिळावा लागतो, तोही फोनवरच. खानापूरच्या जंगलभागात, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, पावसाळ्यात टॉवर गेला की लाईनमनला निरोपासाठी गाडीनं परत यावं लागतं. म्हणजे लाईट नाही म्हणून टॉवर बंद, आणि टॉवर बंद म्हणून लाईट यायला उशीर. असा फेरा एकदा धरला की बिघाडाचा वेळ नुसता वाढत नाही, पटीत वाढतो. विजेच्या खात्याकडे मोबाईलवर अजिबात न टेकलेले वॉकीटॉकी संच प्रत्येक शाखेत असावेत, ही मागणी जुनाट वाटली तरी आम्ही ती आग्रहानं करतो.

वीज परत येण्याचीही एक तऱ्हा आहे, आणि ती आपल्या उसाच्या पट्ट्यात विशेष त्रासाची. शेतातल्या बहुतेक मोटारींना ऑटो स्टार्टर लावलेला असतो. रात्री-अपरात्री करंट आला तर शेतकऱ्यानं अंधारात, सापा-किरड्यात विहिरीवर जायचं का? म्हणून तो लावतो, आणि त्याचं चुकत नाही. पण लाईट आली की एका ट्रान्सफॉर्मरवरच्या पंधरा-वीस मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. ट्रान्सफॉर्मर जळतो किंवा फीडर पुन्हा पडतो, आणि मग त्याच फीडरवरच्या गावाची पाणी योजना आणखी चार दिवस बंद. उपाय साधा आहे: ऑटो स्टार्टरमध्ये वेळेचा रिले असतो, तो प्रत्येक मोटारीला वेगळा लावायचा. कुणाला तीस सेकंद, कुणाला दीड मिनिट, कुणाला तीन. 'ऑटो स्टार्टर काढा' अशी ताकीद देण्यापेक्षा लाईनमननं पावसाळ्याआधी एका ट्रान्सफॉर्मरखालच्या सगळ्या रयतांना बोलावून हे वेळ वाटून द्यावेत. खर्च जवळपास शून्य.

उपकेंद्रातल्या एका खोलीबद्दल इथे लिहिलंच पाहिजे, कारण ती पाहायला कुणी जात नाही. 110 केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्रात 110 व्होल्टची बॅटरी असते, दोन-दोन व्होल्टचे 55 सेल ओळीनं लावलेले. बिघाड झाला की ब्रेकर, म्हणजे लाईन तोडणारा मोठा स्विच, उघडायचा हुकूम देणाऱ्या रिलेला आणि तो प्रत्यक्ष उघडणाऱ्या ट्रिप कॉइलला वीज लागते ती या बॅटरीची, बाहेरच्या लाईनची नाही. सेलमधलं पाणी आटलं, टोकांवर पांढरा थर चढला, चार्जर बिघडून महिने झाले, तरी रोजच्या कामात काहीच जाणवत नाही. जाणवतं ते त्या दिवशी, जेव्हा 11 केव्हीच्या एका फीडरवर दोष येतो आणि त्याचा ब्रेकर उघडतच नाही. दोष वर सरकतो, मागचं मोठं ब्रेकर पडतं, आणि एका गल्लीचा अंधार तीन तालुक्यांचा होतो. महिन्यातून एकदा प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि आम्लाची घनता मोजून लिहायची, वर्षातून एकदा बॅटरी भारावर उतरवून बघायची, एवढंच हे काम आहे.

या सगळ्यांत दोन व्यवस्था एकमेकींना वीज, पाणी, तेल किंवा निरोप देत होत्या. महापुरात वेगळंच होतं. तिथे एकमेकींशी काहीही देणंघेणं नसलेल्या व्यवस्था एकाच जागी उभ्या आहेत म्हणून एकदम जातात.

आपल्याकडचा कुठलाही नदीपूल बाजूनं बघावा. कठड्याच्या बाहेर लोखंडी ब्रॅकेटवर गावाच्या पाणी योजनेची वाहिनी. तिच्याखाली ऑप्टिकल फायबरची काळी नळी, कधी दोन-तीन कंपन्यांची एकत्र बांधलेली. शेजारच्या खांबांवरून नदी ओलांडणारी 11 केव्ही लाईन. आणि वर रस्ता. कागदावर चार खाती, चार निविदा, चार नकाशे. जमिनीवर एकच पूल. 2019 च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेनं गोकाकजवळचा लोळसूर पूल पाण्याखाली घेतला. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ हे चिकोडी-निपाणीकडचे खालचे पूल आणि बंधारे तर जवळपास दर मोठ्या पावसाळ्यात बुडतात. रस्ता बंद झाला हे सगळ्यांना दिसतं. त्याच ब्रॅकेटवरून गेलेली फायबर नळी तुटली म्हणून पलीकडच्या गावात बँकेचं काम, रेशनचं अंगठ्याचं यंत्र आणि 108 ला लागणारा फोन बंद झाला, हे कुणी मोजत नाही.

दोन वाटा असल्या म्हणजे निश्चिंती, हा समजही 2021 च्या जुलैत तपासला गेला. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बेंगळूर महामार्ग बंद पडला. 2019 मध्येही तिथे तेच झालं होतं. त्याच दिवसांत, 23 जुलै 2021 ला, दूधसागर-सोनावळीच्या दरम्यान घाटात दरड कोसळून मंगळूरहून मुंबईला निघालेली रेल्वे रुळावरून घसरली आणि लोंढ्याकडून गोव्याला जाणारी लाईन थांबली. एक वाट उत्तरेची, एक पश्चिमेची. एक रस्ता, एक रेल्वे. पण पाऊस तोच, सह्याद्री तोच. पर्याय म्हणून दोन गोष्टी लिहिताना त्या दोन्ही एकाच पावसात जाऊ शकतात का, हे विचारलंच पाहिजे. बेळगावच्या भाजीवर आणि दुधावर गोव्याची सकाळ उभी आहे, त्यामुळे हा नुसता आपला प्रश्न नाही.

कोल्हापूरनं याचा सर्वांत बोचरा अनुभव घेतला. 2019 आणि 2021, दोन्ही महापुरांत शहराभोवती पंचगंगा पसरलेली होती आणि नळ कोरडे होते, कारण उपसा केंद्रंच पाण्यात होती. नदीतून पाणी उचलायचं तर केंद्र नदीकाठीच असणार, ते टळत नाही. पण मोटार, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर हे तिन्ही जमिनीलाच असले पाहिजेत असं नाही. उभ्या टर्बाइन पंपाची मोटार वरच्या मजल्यावर बसते, पंप खाली पाण्यात राहतो. पॅनेल 2019 च्या पूररेषेच्या एक मीटर वर, ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच उंच ओट्यावर, आणि केबल वरून उतरवलेली. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा यांच्या काठच्या प्रत्येक उपसा केंद्राच्या भिंतीवर 2019 ची पातळी रंगवावी आणि तिच्याखाली काय काय बसलंय ते लिहून काढावं. पुढच्या पुरात काय जाणार याची ती यादीच असेल.

आता दूरच्या दोन घटना, कारण त्यांत आपल्यासाठी अगदी थेट कामाची गोष्ट आहे.

फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासात कडाक्याची थंडी पडली. वीज कमी पडली म्हणून वीजवाल्यांनी फीडर बंद करायला सुरुवात केली. त्या फीडरांवर नैसर्गिक वायूचे पंप आणि कॉम्प्रेसर होते. ते थांबले, वायू कमी पडला, वायूवर चालणारी वीजकेंद्रं थांबली, आणखी फीडर बंद करावे लागले. बऱ्याच वायू कंपन्यांनी आपली जोडणी 'अत्यावश्यक' आहे हे कळवणारा अर्जच भरलेला नव्हता. म्हणजे स्वतःच्याच इंधनाची लाईन आपण कापतोय हे वीज कापणाऱ्याला कळायची सोयच नव्हती.

आपल्याकडे हाच सांधा आहे. देशाच्या ग्रिडची वारंवारता 50 हर्ट्झवरून घसरून 49.4 वर आली की ठिकठिकाणच्या उपकेंद्रांतले रिले आपोआप, माणसाला न विचारता, ठरलेले फीडर कापतात. आणखी घसरली की पुढचा टप्पा. ग्रिड वाचवायचं तर हे हवंच. प्रश्न एवढाच की त्या यादीत कुठले फीडर आहेत, आणि त्यांतल्या कुठल्यावर पाण्याचा उपसा, ऑक्सिजनचा प्लांट, मोबाईलचं मुख्य केंद्र किंवा पेट्रोल पंप आहे. ही यादी तांत्रिक माणसांनी वर्षांपूर्वी केलेली असते. तेव्हा जो फीडर शेतीचा होता त्यावर आज नळ योजना असते. आपल्या जिल्ह्यात हे आणखी गुंतागुंतीचं आहे, कारण वरची मोठी लाईन केपीटीसीएल या राज्याच्या वीज पारेषण कंपनीची, वाटप हेस्कॉमचं, आणि हुक्केरी तालुक्यात 1969 पासूनच्या ग्रामीण वीज सहकारी संघाचं. हिडकल धरण त्याच हुक्केरी तालुक्यात. तिन्हींच्या याद्या एका टेबलावर ठेवून पाणीवाल्यांच्या यादीशी ताडून बघायला एक दिवस पुरतो.

दुसरी घटना इटलीची, 28 सप्टेंबर 2003. पहाटे 3 वाजून 1 मिनिटाला स्वित्झर्लंडमधली लुकमानियर लाईन झाडाला टेकून पडली. तिचा भार शेजारच्या लाईनवर गेला. स्विस नियंत्रण केंद्रानं रोमला फोन केला तो 3 वाजून 11 मिनिटांनी, आणि 300 मेगावॅट आयात कमी करायला सांगितलं. इटलीनं दहा मिनिटांत ती कमी केलीही. पण 3 वाजून 25 मिनिटांनी दुसरी लाईन तापून, लोंबकळून झाडाला टेकली, आणि काही मिनिटांत साडेपाच कोटींहून अधिक लोकांचा देश अंधारात गेला. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं होती, यंत्रं होती. गेली ती मधली दहा मिनिटं, आणि फोनवर मागितलेला आकडाही अपुरा.

आपण सीमेवर राहतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात ते महाराष्ट्रात, आणि पाणी पुढे राजापूर बंधाऱ्यावरून, कल्लोळजवळून येतं ते कर्नाटकात. कोयना, वारणा, काळम्मावाडी वरच्या अंगाला, आलमट्टी खालच्या. आलमट्टीच्या फुगवट्याचा वाद इथे घ्यायचं कारण नाही. वरून सोडलेलं पाणी पोहोचायला आपल्याला मिनिटं नव्हे, तास मिळतात. त्या तासांत विसर्गाचा आकडा कोल्हापूरच्या पाटबंधारे खात्यातून मुंबई-बेंगळूर फिरत न बसता सरळ निपाणी-चिकोडीच्या उपसा केंद्रावरच्या ऑपरेटरपर्यंत गेला, तर तो पॅनेलचा मेन स्विच बंद करून, मोटार चेन ब्लॉकनं वर उचलून ठेवू शकतो. पाण्यात चालू स्थितीत बुडालेली मोटार रिवाइंड करायला आठवडा-दोन आठवडे जातात. उचलून ठेवलेली पूर ओसरल्यावर सुकवून, इन्सुलेशन मेगर या मापकानं तपासून लगेच लावता येते. सगळा फरक एका वेळेवर आलेल्या निरोपाचा. आणि तो निरोप कन्नड आणि मराठी दोन्हींत यावा. काठावरच्या मराठी गावांत ऑपरेटरपासून रयतापर्यंत ज्याला जी भाषा पटकन कळते त्या भाषेत, हा हट्ट भावनेचा आहेच, पण त्याहून तो वेळेचा आहे.

सांधा नुसता पाण्या-विजेचाच नसतो, हुकमाचाही असतो. 2021 मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटी-पीसीआर अहवालाशिवाय गाड्या अडवल्या गेल्या. 2022 च्या डिसेंबरात सीमावाद पेटला तेव्हा दोन्ही राज्यांच्या एसटी सीमेवर थांबल्या. रस्ता शाबूत, पूल शाबूत, डिझेल भरलेलं; तरी मिरज-कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेला पेशंट अडकला. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे आमची बाजू काय आहे हे जगजाहीर आहे आणि ती आम्ही सोडलेली नाही. पण दावा चालू असताना रुग्णवाहिका, ऑक्सिजन, क्लोरीन आणि डिझेलच्या टँकरला दोन्ही बाजूंनी कधीही अडवायचं नाही, असा लेखी करार दोन जिल्हाधिकाऱ्यांमध्ये व्हायला कुठल्या निकालाची वाट पाहायची गरज नाही.

यावर कुणी म्हणेल, मग जोडण्याच कमी करा, प्रत्येक गाव आपल्या पायावर उभं राहू दे. 2012 च्या 30 आणि 31 जुलैला उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी साठ कोटींवर लोक अंधारात गेले, आणि दक्षिण वाचली, कारण दक्षिणेचं ग्रिड तेव्हा उर्वरित देशाशी एका लयीत जोडलेलं नव्हतं. ते जोडलं गेलं 31 डिसेंबर 2013 ला, रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाईननं. जोडलं नसतं तर बरं होतं का? नाही. जोडणीआधी टंचाईच्या उन्हाळ्यात दुसऱ्या भागातली शिल्लक वीज दक्षिणेला हवी तेवढी आणता येत नव्हती. जोडणी मदतही आणते आणि बिघाडही, त्याच तारेतून. म्हणून ती कुठे आणि कशी सोडायची हे आधी ठरलेलं आणि तपासलेलं हवं. मुंबईकडे ग्रिडपासून सुटून स्वतःपुरतं चालण्याची योजना अनेक दशकांपासून होती. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी ती टिकली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्याच्या कलम 31 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यायचा असतो. त्यातच आम्हाला एक तक्ता हवा आहे. प्रत्येक सेवेनं तासांत उत्तर द्यायचं: वीज नसेल तर किती तास, डिझेल नसेल तर किती, मोबाईल नसेल तर किती, रस्ता नसेल तर किती. 'पर्यायी व्यवस्था आहे' हे उत्तर चालणार नाही, आकडाच हवा. ज्याचा आकडा दुसऱ्याच्या दुरुस्तीच्या वेळेपेक्षा कमी, तिथे आधी पैसा. हा तक्ता सांभाळायला जिल्हाधिकारी कार्यालयात एक इंजिनिअर नेमावा, ज्याचं स्वतःचं खातं कुठलंच नसेल, आणि खात्यांच्या वह्या मागवायचा अधिकार ज्याला असेल.

मे महिन्यातल्या एका रात्री, आधी जाहीर करून, एका उपसा माळेची आणि एका मोठ्या दवाखान्याची लाईट चार तास खरोखर बंद करावी. भोंगा वाजवून, फोटो काढून होणारा सराव त्यात नको. कुठला सेट किती मिनिटांनी भार घेतो, कुठल्या टॉवरची बॅटरी कधी संपते, लाईट आल्यावर शेवटच्या टाकीत पाणी पडायला किती तास लागतात, हे घड्याळ लावून लिहावं. आणि सीमेपलीकडच्या धरण नियंत्रण कक्षापासून अलीकडच्या प्रत्येक उपसा केंद्रापर्यंतचे नंबर एका कागदावर, पॅनेलशेजारी भिंतीला चिकटवावेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते एकेक करून लावून पाहावेत. जो लागणार नाही तो त्याच दिवशी बदलावा.